पॅटलेबर २ : पोकलेनवाल्याने पाहिलेला रोबोपट

दोन पायांवर चालणारं पाच-सहा मजली यंत्र ही कल्पना ज्याला सुचली, त्याने साइटवर एकही पावसाळा काढलेला नसणार, असं माझं जुनं मत आहे. मी पुलांच्या कामांवर साइट इंजिनिअर आहे. पोकलेन चिखलात रुतलं की काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलंय. त्याला तर पायही नसतात, चेन असते, वजन सगळ्या पट्ट्यावर पसरलेलं असतं. तरी ते बसतंच. मग दुसरं पोकलेन मागवा, वायररोप बांधा, ओढा. तोवर ऑपरेटर सावलीला तंबाखू मळत बसलेला. तेवढंच वजन दोन तळव्यांवर आणलं तर यंत्र चालायचं राहू द्या, मुरुमात उभंच्या उभं जाईल. उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं आणि पायाचा छेद मात्र चौपटच वाढतो, हे गॅलिलिओने १६३८ मध्ये लिहून ठेवलंय. त्यानंतरही लोक रोबोला पाय लावतात.

त्यात हा सगळा धंदा खेळण्यांवर चालतो हे कळल्यावर मत आणखी घट्ट झालं. १९७२ मध्ये गो नागाईंच्या ‘माझिंगर झेड’ या जपानी कार्टून मालिकेत मुलगा यंत्राच्या डोक्यात बसून ते चालवू लागला आणि दोन वर्षांत त्याची धातूची बाहुली दुकानात आली. १९७९ ची ‘गंडम’ मालिका खेळणी खपेनात म्हणून ठरल्यापेक्षा आधीच, ४३ भागांत गुंडाळली गेली. पुढे बांदाई कंपनीने तिचे जोडायचे प्लास्टिकचे नमुने काढले, ते धडाधड खपले आणि मालिकेला मरण उरलं नाही. म्हणजे रोबो आधी दुकानाच्या फळीवर मावला पाहिजे, गोष्टीचं नंतर बघू.

२०२० च्या डिसेंबरात योकोहामाच्या बंदरावर १८ मीटर उंच, २५ टन वजनाचं हलणारं गंडम उभं केलं, त्याचे व्हिडिओ मी कामाच्या नजरेने पाहिले. हात हलतात, गुडघे वाकतात, पाऊल उचललं जातं. आणि कमरेला मागून पोलादी आधार धरलेला! भार त्या आधारावर, पाय नुसते शोभेचे. केलं ते काम कमी नाही, मी तर टोपी काढली. पण आधार सोडून ते चार पावलं चालवायला कोणी धजावलं नाही, यातच माझ्या दृष्टीने निकाल लागला होता.

माझी मुलगी पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकते. तिच्यासमोर हे सगळं मी दर सुट्टीत बोलायचो. “बाबा, तू एकही पिक्चर धड न बघता बोलतोस,” हे तिचं ठरलेलं उत्तर. मी म्हणायचो, लहानपणी दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ बघितलाय की. मनगटावरच्या घड्याळात बोलून रोबोला बोलावणारा तो मुलगा. आमच्या वाडीतल्या सगळ्या पोरांना रोबो हवा होता, मला ते घड्याळ हवं होतं. यावर ती म्हणाली की ते अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून, नव्हेच, माणसं पोशाख घालून नाचायची. मुद्दा बरोबर होता.

शेवटी तिने यादी काढली आणि प्रत्येकाची दोन ओळींत गोष्ट सांगितली. एकात अंतराळातलं युद्ध, एकात जगाचा अंत, एकात पुन्हा जगाचा अंत. मधे एका ओळीत होतं, की योकोहामाचा बे ब्रिज कोणीतरी क्षेपणास्त्राने उडवतं. मी म्हटलं, हा. पुलावर माझा विश्वास आहे.

तो ‘पॅटलेबर २’, म्हणजे मामोरु ओशी यांचा १९९३ चा चित्रपट. पण ती आधी पहिला भाग बघायलाच हवा म्हणून अडून बसली.

पहिला भाग १९८९ चा. त्यात मला कोणीतरी माझ्या बाजूचं माणूस भेटल्यासारखं झालं. या जगात यंत्रमानवांना ‘लेबर’ म्हणतात आणि ते लढायला बनवलेलेच नाहीत. ती बांधकामाची यंत्रं आहेत. टोकियोच्या उपसागरात भराव टाकून जमीन करण्याचा अवाढव्य प्रकल्प चालू आहे, त्यासाठी पोकलेन-क्रेनच्या जागी ही आली. त्या सुमाराला खऱ्या टोकियो उपसागरातही कावासाकी ते किसाराझू असा बोगदा आणि पूल बांधायचं काम सुरू झालं होतं, ते १९९७ मध्ये पुरं झालं. तर यंत्रं आली म्हणजे ती चालवणारी माणसं आली, दारू पिऊन चालवणारी आली, चोरून नेणारी आली, त्यांनी गुन्हे करणारी आली. मग पोलिसांनाही तसली यंत्रं घ्यावी लागली. पोलिसांचा तो विभागही कुठे, तर शहराबाहेर भरावाच्या ओसाड जमिनीवर. जवळ चहाची टपरी नाही. पोलीस यंत्र साधारण आठ मीटरचं, ‘इंग्रॅम’ नावाचं. आणि ते घटनास्थळी धावत जात नाही! ट्रेलरवर आडवं झोपवून नेतात, तिथे पोचल्यावर ट्रेलरचा सांगाडा वर उचलून त्याला उभं करतात. बॅटरी संपते. मेकॅनिक वैतागतात. वस्ताद मेकॅनिक तर काळा चष्मा लावून सगळ्यांवर ओरडत असतो. अशा एका फोरमनच्या हाताखाली मी उमेदवारी केलीय. वरिष्ठांना नुकसानीचा अहवाल द्यावा लागतो. मी मुलीला विचारलं, लॉगबुक ठेवतात का? ती म्हणाली, “बघ ना गप.”

त्या चित्रपटातलं रहस्य वाऱ्याचं आहे. लेबरांमध्ये नवी कार्यप्रणाली बसवली आहे, तिच्यात तिच्या निर्मात्यानेच विषाणू घालून ठेवलाय आणि तो माणूस पहिल्याच दृश्यात आत्महत्या करून मोकळा झालाय. उंच इमारतींतून वारा वाहताना जो खालच्या सुराचा घुमारा उठतो, तो यंत्रांच्या संवेदकांनी टिपला की यंत्रं बेताल होतात. आता तुफान येतंय आणि समुद्रातला एक प्रचंड बांधकाम-मनोरा वाऱ्यात घुमायला लागला तर शहरातली सगळी यंत्रं एकदम बिथरतील. उपाय काय? मनोराच सुटा करून पाडायचा. हे बघताना मी पाय खाली घेऊन नीट बसलो. १९४० मध्ये अमेरिकेत टॅकोमा नॅरोजचा पूल वाऱ्याने हेलकावे खाऊन कोसळला, त्याची फिल्म आम्हाला कॉलेजात दाखवली होती. वारा हा खलनायक आहे हे पुलाच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. रोबोंच्या गोष्टीत तो निघेल असं मात्र वाटलं नव्हतं.

तरी तो शेवटी रोबोपटच. शेवटी मारामारी होते, आपले जिंकतात. मी तसं बोलून दाखवलं. मुलगी म्हणाली, दुसरा बघ.

दुसऱ्याची सुरुवात आग्नेय आशियातल्या जंगलात. साल १९९९, म्हणजे चित्रपट आला त्याच्या सहा वर्षं पुढचं. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आलेली जपानी तुकडी, लेबरांत बसलेली. समोरून शत्रूचे रणगाडे. तुकडीचा प्रमुख गोळीबाराची परवानगी मागतोय आणि तिकडून उत्तर, थांबा. तो थांबतो. काही मिनिटांत तुकडी संपते. ज्या यंत्रांची पोस्टरं पोरं भिंतीवर लावतात, ती यंत्रं एक गोळी न झाडता चिखलात जळतात आणि तो एकटा वाचलेला प्रमुख, त्सुगे, बाहेर येऊन पावसात उभा राहतो. समोर जंगलाने गिळलेल्या देवळाचे दगडी चेहरे.

इथे मी थांबवायला सांगितलं. आपल्याकडे शांतिसेनेचं एवढं काही वाटत नाही; भारत १९५० च्या दशकापासून सैनिक पाठवतोय, कोणाच्या तरी नात्यातला कोणीतरी कांगोला नाहीतर सुदानला जाऊन आलेला असतो. जपानची तऱ्हा वेगळी. त्यांच्या राज्यघटनेच्या नवव्या कलमाने युद्धाचा हक्कच सोडून दिलेला. १९९१ च्या आखाती युद्धात त्यांनी १३ अब्ज डॉलर दिले, सैनिक दिले नाहीत, आणि पैसे देऊन वर टोमणे खाल्ले. म्हणून जून १९९२ मध्ये कायदा करून त्यांनी शांतिकार्यासाठी आपली स्वसंरक्षण दलं परदेशी पाठवायची वाट काढली आणि त्याच वर्षी अभियंत्यांची तुकडी कंबोडियात गेली, रस्ते आणि पूल दुरुस्त करायला. १९९३ च्या एप्रिल-मे मध्ये तिथे एक जपानी स्वयंसेवक आणि एक जपानी पोलीस अधिकारी मारले गेले. चित्रपट लागला तो ऑगस्टमध्ये. म्हणजे प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाने ते जंगल तीन-चार महिन्यांमागे बातम्यांत पाहिलेलं होतं.

एवढं समजून घेऊन पुढे गेलो आणि मग माझा पूल आला. योकोहामा बे ब्रिज, केबल-स्टेड, म्हणजे मनोऱ्यांवरून ताणलेल्या केबलींनी तोललेला, दोन मनोऱ्यांमधला गाळा ४६० मीटरचा, १९८९ मध्ये खुला झालेला. ओशींनी तो चार वर्षांच्या आत पडद्यावर पाडला. क्षेपणास्त्र येतं आणि मधला भाग जातो. मी ते दोनदा मागे नेऊन पाहिलं. आरडाओरडा करणारी गर्दी नाही, मागे गडगडणारं संगीत नाही. केबल सुटल्यावर डेक, म्हणजे वरचा रस्त्याचा पट्टा, कसा जाईल, याचा विचार कोणीतरी केलाय एवढं नक्की. मग टीव्हीवर ती चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवतात, धूसर विमानाची आकृती दिसते, ते आपल्याच हवाई दलाचं आहे असं बोललं जातं, आणि इथून पुढे चित्रपट ज्या वाटेने जातो तिथे रोबोला जागाच नाही.

ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर मी वर्षांपूर्वीच बघितला असता. ११३ मिनिटांच्या या रोबोपटात मोठा भाग माणसं गाडीत बसून, होडीत बसून, मत्स्यालयात उभं राहून बोलतात. पोलिसांच्या दुसऱ्या तुकडीचा कप्तान गोतो, झोपाळू डोळ्यांचा, बोलण्यात तिरकस. पहिल्या तुकडीची कप्तान नागुमो, शिस्तीची बाई. त्यांना भेटायला लष्कराच्या गुप्तवार्ता खात्यातला आराकावा नावाचा माणूस येतो आणि सांगतो की यामागे त्सुगे आहे. त्सुगे हा नागुमोचा एकेकाळचा गुरू, आणि गुरूपेक्षा जास्त काहीतरी.

ज्या प्रसंगाने मला खुर्चीला खिळवलं त्यात हल्ला करणारं एकही विमान दिसत नाही. हवाई संरक्षणाच्या नियंत्रण कक्षात पडद्यावर ठिपके उमटतात. उत्तरेकडच्या मिसावा तळावरून निघालेली तीन लढाऊ विमानं टोकियोच्या दिशेने येतायत. तळाशी संपर्क होत नाही. अडवायला एफ-१५ उडतात. त्यांच्यातलं एक रडारवरून नाहीसं होतं. आता पाडायची परवानगी द्यायची का? इशारे, आकडे, दिशा, उंची, सगळं सपाट आवाजात. घाबरलेला माणूस जसा मुद्दाम हळू बोलतो तसं. परवानगी मिळते आणि त्याच क्षणी ठिपके गायब. तिथे काहीच नव्हतं. कोणीतरी यंत्रणेत शिरून खोटे ठिपके सोडले होते.

काहीच झालं नाही, आणि तरी त्या रात्रीनंतर सगळं होतं. पोलीस मिसावा तळाला वेढा घालतात, तळाच्या प्रमुखाला अडकवतात, लष्कर चिडतं, इतर तळ दारं लावून घेतात, सरकार पोलिसांवरचा भरवसा काढून लष्करालाच टोकियोत बोलावतं. प्रत्येक खातं दुसऱ्याला धडा शिकवायला बघतंय. प्रत्येकाचा निर्णय कागदावर बरोबर. सरकारी कामांत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे भयपट वाटतं. आमच्याकडे एका नाल्यावरच्या मोरीसाठी दोन खात्यांची जी पत्रापत्री चालते, तिला रणगाडे जोडले की हा चित्रपट तयार.

मग रणगाडे चौकात येऊन उभे राहतात. बराच वेळ कोणी बोलत नाही, केंजी कावाई यांचं संगीत तेवढं चालू. नोकरीला निघालेली माणसं सैनिकांच्या बाजूने जातात, दुकानं उघडी, गाड्या सिग्नलला थांबलेल्या, आणि बर्फ पडायला लागतो. जानेवारी १९९३ मध्ये मी परळला शाळेत होतो. दंगलीच्या त्या दिवसांत रस्त्यावरून लष्कराचे ट्रक संचलन करत गेले, ते आम्ही गॅलरीतून पाहिलं. मला आठवतं ते हे, की आई खाली दूध मिळतंय का बघायला गेली आणि एका जवानाने तिला हाताने “जा, जा” अशी खूण केली. भीतीपेक्षा ते विचित्र जास्त वाटलं होतं, ओळखीच्या नाक्यावर बंदूकवाला माणूस, आणि त्याच्या मागे नेहमीचंच इस्त्रीचं दुकान. ओशींनी नेमकं तेच विचित्रपण पकडलंय. आमच्याकडे मात्र माणसं खरीच मेली होती. इथे रणगाडे कशासाठी आलेत हे शहरात कोणालाच ठाऊक नाही, त्यांना पाठवणाऱ्यांनाही नाही.

मुलीने सांगितलं की या बर्फाला तिकडे इतिहास आहे. २६ फेब्रुवारी १९३६ ला तरुण लष्करी अधिकारी जवळपास दीड हजार सैनिक घेऊन टोकियोच्या मध्यभागी घुसले, अर्थमंत्री ताकाहाशी यांना ठार केलं, आणि भर बर्फात काही दिवस तो भाग धरून बसले. चित्रपटही फेब्रुवारीतच घडतो. जपानी प्रेक्षकाला बर्फातला सैनिक दाखवला की बाकी सांगावं लागत नाही. आणि चित्रपट लागला त्याच आठवड्यात, ९ ऑगस्ट १९९३ ला, ३८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष जाऊन होसोकावा यांचं सरकार आलं. हे योगायोगाने जुळलं असणार.

आता तक्रारी. गोतो आणि आराकावाचा होडीतला संवाद सगळे डोक्यावर घेतात. न्याय्य युद्ध बरं की अन्यायाने मिळालेली शांतता बरी, आपली शांतता दुसऱ्यांच्या देशांतल्या युद्धांवर उभी आहे, आपण ती युद्धं पडद्यावर बघतो आणि काही करत नाही, देवासारखे. विचार मोलाचा आहे. पण आराकावा पाठ करून आलेल्या वक्त्यासारखा थांबतच नाही. मी इंग्रजी सबटायटलं वाचत होतो, होडीच्या बाजूने जाणाऱ्या गोद्या, गंजलेले धक्के, बांधकामं बघायची की अक्षरं, असा पेच. शेवटी संवाद एकदा वाचून घेतला आणि मग सबटायटलं बंद करून तोच भाग फक्त चित्रासाठी पाहिला. असं करावं, सगळ्यांना सांगेन. पाण्यातून दिसणारं ते टोकियो म्हणजे शहराची मागची बाजू आहे, आम्ही लोक जिथे काम करतो ती.

इथे मुलीने तिच्या अभ्यासातलं एक सांगितलं, ते मला सगळ्यात आवडलं. या चित्रपटात प्रत्येक दृश्याचा आधी तपशीलवार ‘लेआउट’ काढला होता, कॅमेरा कुठे, भिंग कसं, कोणती वस्तू किती लांब, सगळं. ते काढणाऱ्यांत पुढे स्वतः मोठे दिग्दर्शक झालेले सातोशी कोन होते. तिने काही छापील पानं दाखवली. मी ती पाहून म्हटलं, ही तर आमची जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग आहेत, कामाच्या एकूण मांडणीचे नकाशे! कडेला सूचना, बाण, खुणा. चित्रकार लोक मनाला येईल तसं काढतात असा माझा समज होता. ती हसली, तिने मुद्दाम ती पानं मागे ठेवली होती म्हणे.

दुसरी तक्रार अशी की पोलीस तुकडीतली पोरं कोण, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला कळत नाही. त्यांची ओळख आधीच्या व्हिडिओ भागांत आणि टीव्ही मालिकेत होऊन गेलेली. या चित्रपटात ती पांगली आहेत. कोणी मुख्यालयात टेबलावर, कोणी प्रशिक्षण केंद्रात. इंग्रॅम चालवणारी नोआ चाचणी केंद्रात आहे. पूर्वी ती आपल्या यंत्रावर जीव टाकायची, त्याला तिने कुत्र्याचं नाव दिलेलं. इथे एका साध्या संभाषणात ती म्हणते की नुसती लेबर आवडणारी मुलगी म्हणून तिला आयुष्यभर राहायचं नाही. मी मुलीकडे पाहिलं, ती पडद्याकडे बघत होती. रोबोपटाच्या नायिकेने रोबोपटात हे म्हणावं? मला वाटलं होतं की या प्रकाराचे निर्माते आणि चाहते सगळेच त्या यंत्राच्या प्रेमात आकंठ असतात. ओशी नाहीत. ते माझ्याइतकेच साशंक आहेत, फक्त त्यांचं कारण माझ्याहून वजनदार आहे. मी पायांवर अडलो होतो. त्यांचा सवाल असा की पडद्यावरच्या ठिपक्याने देश हलतो, तर आठ मीटरचं यंत्र घेऊन करायचं काय?

याचं उत्तर चित्रपट फार निष्ठुरपणे देतो. हल्ला खरोखर सुरू होतो तेव्हा तीन हेलिकॉप्टरं शहराचे पूल आणि दळणवळण तोडतात, वर तरंगणारी हवाई जहाजं रेडिओ संदेश जाम करतात, आणि भरावावरच्या त्या पोलीस विभागावर हेलिकॉप्टर येऊन शेडच्या शेड उडवून देतं. आत नवे कोरे लेबर ओळीने उभे. ते जागेवरच मोडतात. ज्यांच्यासाठी तिकीट काढलं ते नायक गाडीतून उतरायच्या आधी खलास! मी टाळी वाजवली. मुलगी म्हणाली, “बाबा, हे दुःखद आहे.” तेही खरंच होतं, मेकॅनिक लोक तिथेच होते.

त्याआधी गोतोचा वरिष्ठांसमोरचा प्रसंग आहे. मोठे अधिकारी लांब टेबलाभोवती बसून जबाबदारी कोणाची यावर खल करतायत. कायम शांत असणारा हा माणूस तिथे त्यांना सुनावतो, की आघाडीपासून जितकं दूर बसावं तितकी आशा वास्तवाची जागा घेते, आणि सगळ्यात वर तर वास्तव उरतच नाही. हे मी आमच्या आढावा बैठकीत म्हणू शकत नाही, म्हणून पुन्हा लावून ऐकलं.

आणि मग शेवटी जुने, अडगळीत टाकलेले इंग्रॅम बाहेर काढले जातात. पांगलेली पोरं परत येतात. यंत्रांवर जाड चिलखतं चढवतात आणि जमिनीखालच्या बंद पडलेल्या भुयारी रेल्वेमार्गाने त्सुगेच्या भरावबेटाकडे निघतात. बोगद्यात माणूस नसलेली, दुरून चालणारी लढाऊ यंत्रं त्यांची वाट अडवतात. ही या चित्रपटातली एकमेव खरीखुरी रोबो-लढाई. अरुंद जागा, गोळ्यांचा खच, चिलखताचे तुकडे उडतायत, धूर. नेटकी आहे, थोडक्यात आहे. मला ती सगळ्यात फिकी वाटली. एवढ्या वेळ चित्रपटाने पटवून दिलं होतं की यंत्रांनी काही होणार नाही, आणि आता वाट यंत्रांनीच मोकळी करायची. मुलीचं म्हणणं, लढाई मुद्दाम तशी आहे. कोणी जिंकल्यासारखं वाटू नये म्हणून ती जमिनीखाली, अंधारात, कोणी बघत नसताना होते. पुढे जाते ती एकटी नागुमो, पायी. त्सुगेसमोर उभी राहते तेव्हा दोघांत बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं वचन येतं, मी पृथ्वीवर शांती द्यायला आलो असं तुम्हाला वाटतं का, असं विचारणारं. त्या दोघांचं जुनं प्रेम चित्रपटाने इतकं थोडं दाखवलंय की तिथे मला जे वाटायला हवं ते वाटलं नाही. फक्त बेडी घालतानाचे हात चांगले काढलेत.

आराकावाचं पुढे काय होतं ते इथे सांगत नाही, तेवढं बघणाऱ्यासाठी राहू दे.

आमचा वाद त्या रात्री जेवतानाही चालू राहिला. मी म्हटलं, रोबो काढून टाकले तरी हा चित्रपट उभा राहील, मग हा रोबोपट कसला? ती म्हणाली, काढून बघ. पहिल्या दृश्यात जंगलात नुसता रणगाडा असता तर तू परवानगी मागणाऱ्या माणसाकडे एवढं लक्ष दिलं असतंस? तो माणसाच्या आकाराच्या यंत्रात बसलाय, यंत्राचे हात त्याचे हात आहेत आणि ते उचलायची त्याला मुभा नाही, म्हणून ते लागतं. यावर मला लगेच काही सुचलं नाही. भात वाढून घेतला. नंतर सुचलं ते असं, की मग हात पुरेत, पाय कशाला? ते मी तिला मेसेज करून कळवलं. तिने उत्तरात फक्त २०१४ च्या, खऱ्या नटांच्या पॅटलेबर मालिकेसाठी खऱ्या मापाचा बनवलेला इंग्रॅम ट्रकवरून उभा केला जातानाचा व्हिडिओ पाठवला. आठ मीटर. ट्रेलर बघितला, त्याचे आउट्रिगर, म्हणजे बाजूला टेकवायचे आधार, बघितले, उभं करताना लोकांना किती लांब ठेवलंय ते बघितलं. काम चोख होतं. पुतळा चालत मात्र नव्हता.

आता ती पुढचं नाव घेऊन बसली आहे. त्यातले रोबो म्हणे अतिप्रचंड आहेत आणि त्यांना पाठीत जाडजूड वायर लावून वीज पुरवावी लागते. वायर तुटली की आतल्या बॅटरीवर जेमतेम पाच मिनिटं. निदान विजेचा विचार कोणीतरी केलाय. मी तिला सांगितलंय, एवढ्या लांबीची केबल लढाई संपल्यावर कोण गुंडाळतं ते दाखवलं असेल तर बसतो.